एका कांडीचा हिशेब

सकाळी 6.15

नागपूरहून निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन. रात्री मलकापूरला थांबलो, उजाडताना आंबा घाट उतरलो, आता साखरप्यात चहा घेतोय. म्हणजे साडेसातला हातखंबा. मी चपला घालेपर्यंत बायकोने डबा हातात दिला आणि रोजचंच म्हणाली, "सावकाश हां." या वाक्याला आमच्या घरात उत्तर देत नाहीत. मान हलवायची आणि निघायचं.

मी शॉटफायरर. वाडीत सगळे सुरुंगवालाच म्हणतात. सुरुंग लावण्याचा परवाना माझ्या नावावर आहे. मॅगझिन, म्हणजे स्फोटकांचं कोठार, मालकाच्या परवान्यावर चालतं, पण तिथला साठा आणि वह्या माझ्या ताब्यात असतात. कुठला माल कुठून आला, कुठे गेला आणि कुठे फुटला, हे कोणी कधीही विचारलं तर सांगणारा माणूस मी.

रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरापासून निघणारा महामार्ग पार नागपूरला जातो. आमच्या कामाची दोन्ही टोकं त्याच रस्त्यावर आहेत. देशातले स्फोटकांचे काही मोठे कारखाने नागपूरच्या आसपास आहेत. ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालयही तिथंच. तिथं तयार झालेला माल इथे काळ्या दगडाच्या खाणीत, विहिरीत, रस्त्याच्या कटिंगला फुटतो. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये त्याचा माग कुठेही तुटता कामा नये, एवढ्यासाठी एक अख्खी नियमावली आहे. 1884 चा कायदा, त्याखाली 2008 चे विस्फोटक नियम. माझ्या दिवसातला निम्मा वेळ त्या नियमांचा असतो.

सकाळी 7.00

मॅगझिन सड्यावर आहे. नेमकं कुठे ते लिहीत नाही, लिहायचंही नसतं. भोवती तारेचं कुंपण, कुंपणाच्या आत-बाहेर गवत काढून जमीन उघडी केलेली, छपरावर वीज उतरवणारा तांब्याचा पट्टा. कांड्यांची खोली वेगळी, टोप्यांची वेगळी. कांडी म्हणजे वेष्टनात भरलेलं स्फोटक, टोपी म्हणजे डिटोनेटर. दोघांना एका छपराखाली एकमेकांशेजारी कधी ठेवायचं नाही. कांडी एकटी असते तोवर बऱ्यापैकी शांत असते, तिला उठवायचं काम टोपीचं.

दाराला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी पहाऱ्यावरच्या काकांकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. मोबाइल, काडेपेटी, काकांची तंबाखूची डबीसुद्धा बाहेरच्या खोक्यात.

मग मोजणी. काल संध्याकाळी मीच मोजून गेलो होतो, तरी सकाळी परत. सहा बंद पेट्या, सातवी उघडी. एका पेटीत 25 किलो माल, 125 ग्रॅमच्या 200 कांड्या. उघड्या पेटीत 137. वहीत 137. काका दुसऱ्या बाजूने मोजतात आणि त्यांचा आकडा ते सांगेपर्यंत मी माझा सांगत नाही. आधी आकडा ऐकला की माणूस मोजताना तिकडे झुकतो.

सकाळी 7.35

गाडी आली. ड्रायव्हर विदर्भातला तरुण पोरगा, डोळे लाल. त्याला पाणी दिलं, सावलीत बसवलं, आणि कागद हातात घेतले.

व्यवहार असा चालतो. मला माल हवा असेल तर मी आरई-11 नमुन्यात मागणी करतो. कारखाना माल पाठवताना आरई-12 चा पास काढतो. त्यात परवाना क्रमांक, गाडीचा क्रमांक, मालाचं नाव आणि वजन. हे सगळं आता पेसोच्या ऑनलाइन प्रणालीवर होतं, त्यामुळे इथे गाडीतून पेटी उतरण्याआधीच तिचा कागद नागपूरच्या संगणकात असतो. पेटीवर उत्पादकाचं नाव, मालाचं नाव, वर्ग आणि विभाग, बॅच, बनवल्याची तारीख, निव्वळ वजन, बारकोड. मी प्रत्येक पेटीवरचा आकडा मोठ्याने वाचतो, माझ्या हाताखालचा मुलगा यादीवर खूण करतो.

वीस पेट्या. एकोणीस जुळल्या, विसावी जुळेना. यादीत जो क्रमांक होता तो पेटीवर नव्हता, बॅचच वेगळी होती.

मी पेटी गाडीतच ठेवली. ड्रायव्हर उठून आला. "काहून अडवून ऱ्हायले काका? पेट्या तं वीसच हायेत."

वीसच होत्या. वजनही बरोबर, सीलही शाबूत. पण मी ती पेटी आत घेतली असती तर काय झालं असतं? जिचा क्रमांक माझ्या वहीत लिहिला गेला, ती पेटी दुसरीकडेच कुठेतरी असती. जी माझ्या कोठारात आली, ती कागदोपत्री अजून कारखान्यात. म्हणजे एका वेळी दोन पेट्यांचा माग पुसला जातो. त्यातली एखादी चार महिन्यांनी कुठल्या पुलाखाली सापडली तर पोलीस तिच्या नंबरावरून ज्या दारात पोचतील, त्या दारामागच्या माणसाला तिच्याबद्दल काहीच माहीत नसणार. 2010 मध्ये राजस्थानातल्या धोलपूरहून मध्य प्रदेशातल्या सागरला निघालेला 61 ट्रक माल कागदावर रवाना झाला आणि ठरल्या जागी पोचलाच नाही. 61 ट्रक! तेव्हा साऱ्या देशाला कळलं की पाठवणाऱ्याचा कागद आणि घेणाऱ्याचा कागद एकमेकांसमोर ठेवून बघणारं कोणी नसेल तर परवान्याला काही अर्थ उरत नाही. आज ऑनलाइन पद्धतीत ते दोन कागद समोरासमोर येतात. पण पेटी हातात घेऊन तिच्यावरचा आकडा वाचणारा माणूस शेवटी इथेच, सड्यावरच लागतो.

फोन केले. तिकडे भरताना एक पेटी फाटली म्हणून बदलली होती, यादी बदलायची राहिली होती. त्यांनी दुरुस्ती केली, सुधारलेला पास आला, मग पेटी उतरली. तास गेला. पोराला मी डब्यातली पोळी आणि फणसाची भाजी दिली. तो रागावला नव्हता, दमला होता.

सकाळी 9.50

आजच्या खाणीसाठी 72 कांड्या आणि 24 टोप्या काढल्या. वहीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. उघड्या पेटीत राहिल्या 65.

कांड्या एका खोक्यात, टोप्या वेगळ्या कप्प्यात कुलूपबंद. हायवेवर हल्ली डंपरची रांग संपत नाही. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाला खडी लागते, खडीला काळा दगड लागतो. जांभ्याच्या खाणीला सुरुंग लागत नाही, चिरा यंत्राने कापून निघतो. काळा दगड तसा येत नाही.

सकाळी 10.30

कॉम्प्रेसर सकाळपासून चालू होता. विजापूरकडची वडार माणसं, पिढ्यान् पिढ्या दगडात काम केलेली. दगडाची शीर कुठून जाते हे त्यांना हात फिरवून समजतं. 24 होल मारून झाले होते. मी प्रत्येकात बांबू घालून खोली बघितली. सतरावं होल अर्ध्यावर ढासळलं होतं, आत माती आणि पाणी. ते सोडून दिलं.

आता टोप्यांबद्दल सांगायला हवं, कारण इथे 2025 मध्ये मोठा बदल झाला. आम्ही वर्षानुवर्षं विजेच्या टोप्या वापरल्या. दोन वायरी, बॅटरी लावली की फुटली. आणि अडचण तीच होती, ती कोणाच्याही बॅटरीने फुटायची. आमच्या हातातून निसटलेली एक टोपी वाईट माणसाच्या हातात गेली तर त्याला दुसरं काही शिकावं लागत नव्हतं. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2025 पासून विजेच्या टोपीचं उत्पादन, बाळगणं आणि आयात, तिन्ही बंद केलं. लहान खाणवाल्यांनी कुरकूर केली, कारण नवी इलेक्ट्रॉनिक टोपी महाग पडते. मला तो निर्णय मनापासून पटला. या टोपीच्या पोटात चिप आहे आणि प्रत्येक टोपीला तिचा स्वतःचा क्रमांक. होलात टाकण्याआधी मी ती यंत्राला जोडतो, यंत्र नंबर वाचून घेतं, कितव्या होलात कुठली टोपी ते त्यात नोंदतं. ठरलेला सांकेतिक इशारा मिळाल्याशिवाय ती उडत नाही. नुसती बॅटरी लावून काही होत नाही.

तर टोपीला नंबर आहे. माझ्या दुसऱ्या हातात जी कांडी आहे तिच्या वेष्टनावर कंपनीचं नाव आहे, मालाचं नाव आहे, पण तिचा असा नंबर नाही. नंबर पेटीला. पेटी फोडली की 200 कांड्या बाहेर पडतात आणि सगळ्या एकसारख्या.

म्हणून मला माझ्या गुरूंनी लावलेली सवय मी सोडत नाही. ते कोकण रेल्वेच्या कामावर होते, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात. कांडी हातातून सुटताना आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि दुसऱ्याने तो लिहायचा. होल एक, कांडी एक. होल एक, कांडी दोन. होल एक, कांडी तीन. बोगद्याच्या त्या आवाजातसुद्धा ते ओरडून म्हणायचे. आज मी म्हणतो आणि मुलगा लिहितो. त्याला आधी लाज वाटायची, खाणीतली माणसं हसायची. आता खाणीतली माणसं आमच्याबरोबर मोजतात, कन्नडमध्ये.

23 होलांत 69 कांड्या. वरून मातीची डाट. उरल्या तीन कांड्या आणि एक टोपी.

मुकादम म्हणाला, "घालून टाका की सोळात नि अठरात. परत कशाला न्यायच्या?"

हे तो दर वेळी म्हणतो, वाईट हेतूने म्हणत नाही. पण जास्तीचा माल घातला की दगड उडतो, आणि पलीकडच्या वाडीतली कौलं काही फार लांब नाहीत. दुसरं म्हणजे, ‘उरलं ते घालून टाकलं’ हे वाक्य एकदा चालवून घेतलं की पुढे कोणालाही ते बोलता येतं. खरंच घातलं की खिशात घातलं, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

दुपारी 12.50

लाल बावटे चारी वाटांना. धोक्याच्या अंतराच्या आत कोणी नको. वाडीतून एक आजी खाली आल्या होत्या. "दादानु, मोटा बार हाय काय? गाय गाभन हाय माजी." मी म्हटलं, आजी, लहान लहान बार आहेत, एकामागून एक, गाईजवळ जाऊन उभ्या राहा आणि तिच्या पाठीवर हात ठेवा. त्या तशाच वळल्या. त्या घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत आम्ही थांबलो.

भोंगा. मग बार.

नंतर धूर आणि धूळ बसेपर्यंत थांबायचं. बारापूर्वी यंत्रावर 23 च्या 23 टोप्यांचा जबाब आला होता, तरी मी चालत जाऊन प्रत्येक जागा बघतो. दगडाच्या ढिगात न फुटलेली कांडी राहिली तर ती पोकलेनच्या दातात सापडते, नाहीतर क्रशरमध्ये. आणि ती तिथे कोणाच्या हातात आली तर? वहीत ती ‘वापरली’ म्हणून लिहिलेली असते. वहीपुरती ती अस्तित्वातच नसते.

दुपारी 1.40

जेवताना एकजण बाइकवरून आला. नात्यातलाच लांबचा. इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आला. "भाऊ, दोनच कांड्या सोड. बावनदीचा डोह आटलाय, मासा सगळा एका जागी गोळा झालाय."

असं विचारणारे दर उन्हाळ्यात येतात. पाहुणे येतात, वर्गमित्र येतात, कोणीतरी पुढाऱ्याचं नाव घेऊन येतो. डोहात कांडी टाकली की मोठा मासा वर येतो, त्याच्याबरोबर बोटाएवढी पिल्लंही मरतात, अंडीही जातात, आणि पुढची दोन-चार वर्षं तो डोह मुका होतो. ज्यांचं पोट त्या नदीवर आहे त्यांच्या ताटातलं जातं ते. शिवाय पाण्यात टाकायच्या आधी हातातच फुटल्याने पंजे गेलेली माणसं या पट्ट्यात आहेत. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यातच, त्याच्या चौथ्या कलमात, पाण्यात स्फोटक टाकून मासे मारणं गुन्हा ठरवलं होतं. सव्वाशे वर्षं झाली त्याला.

मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन कांड्यांनी काय होतंय? तुझ्या पेटीत दोनशे असतात."

सुरुंगाच्या मालाला गळती लागते ती इथे. ट्रकच्या ट्रक नाहीसे होतात तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते, पण खरा झिरपा दोन-दोन कांड्यांचा असतो, आणि तो वहीच्या एकाच रकान्यातून होतो: ‘वापरल्या’. येणाऱ्या मालाला पास आहे, बारकोड आहे, समोर दुसऱ्या पार्टीचा कागद आहे. जाणाऱ्या मालाला कोण साक्षीदार? दगड. 69 कांड्या फुटल्या की 67, दगड सांगत नाही. मला त्या रकान्यात 72 लिहून तीन कांड्या बाइकवर देता आल्या असत्या आणि नागपूरच्या कुठल्याही संगणकाला ते कळलं नसतं.

माद्रिदमध्ये 11 मार्च 2004 ला लोकल गाड्यांत स्फोट झाले, 190 हून अधिक माणसं गेली. त्यातला स्फोटक माल परदेशातून आला नव्हता. स्पेनमधल्याच अस्टुरियास भागातल्या एका खाणीतून चोरून बाहेर पडलेला, आम्ही वापरतो तसला खाणीचाच माल होता. त्या धक्क्यानंतर युरोपियन युनियनने 2008 मध्ये नियम केला: प्रत्येक कांडीवर, प्रत्येक टोपीवर वेगळी ओळख हवी. देशाची दोन अक्षरं, कारखान्याचे तीन अंक, पुढे त्या नगाचा स्वतःचा संकेत. पेटीवरही तोच. ज्याच्या ज्याच्या हातातून नग गेला त्याने नोंद ठेवायची आणि ती दहा वर्षं जपायची. उद्योगाला यंत्रं बदलायला वेळ लागला म्हणून छापण्याचा भाग एप्रिल 2013 पासून आणि नोंदींचा एप्रिल 2015 पासून लागू झाला. सात वर्षं लागली, पण कांडी नंबरावर आली. हे तिकडे होतं तर इकडेही होऊ शकतं. ज्या देशात पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर बॅच नंबर असतो तिथे हे अशक्य नाही.

बाइकवाला भाऊ न बोलता गेला. पुढच्या लग्नात तो माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे. खाण सोडताना मी मुकादमाची सही घेतली: होल 23, कांड्या 69, टोप्या 23, परत 3 आणि 1.

दुपारी 3.20

जिल्हाधिकारी कार्यालय, गृह शाखा. मालकाला दुसऱ्या तालुक्यात आणखी एक छोटं मॅगझिन हवंय, त्याच्या ना-हरकत दाखल्याची फाइल. परवाना पेसो देते, पण जागेला हरकत नाही हे जिल्हादंडाधिकारी म्हणून कलेक्टरांनी सांगावं लागतं. त्यासाठी पोलिसांचा अहवाल, महसूलचा अहवाल, घरापासूनची अंतरं, रस्त्यापासूनची, विजेच्या तारांपासूनची. लोक या चकरांना वैतागतात. मला त्यात वेळ गेल्याचं दुःख होत नाही. मॅगझिन कुठे असावं हे ठरवताना त्या गावाला एकदा विचारलं जातं, ते या फाइलीतच.

टेबलावरचे साहेब बाहेर गेले होते म्हणून जयस्तंभाहून टिळक आळीपर्यंत चालत गेलो. टिळकांचं जन्मघर. इथे आलं की मला 1908 चं साल आठवतं. मुजफ्फरपूरला एप्रिलअखेर बाँब पडला, आणि 8 जूनला सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा घाईने संमत केला. तो अजूनही लागू आहे. कोणाकडे बेकायदा कांड्या सापडल्या तर पोलीस त्याच कायद्याची कलमं लावतात. दुसऱ्याच दिवशी, 9 जूनच्या ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. टिळकांचा एक मुद्दा असा होता की बंदुका जप्त करता येतात, पण बाँबला मोठा कारखाना लागत नाही, त्याची विद्या जप्त करता येत नाही. 24 जूनला त्यांना अटक झाली आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा, मंडाले.

ते परक्या सरकारशी भांडत होते आणि त्यांच्या मागण्या वेगळ्या होत्या. पण विद्या जप्त होत नाही हे त्यांचं म्हणणं आजही खरं आहे, आणि म्हणूनच वस्तूवर नंबर हवा. माणसाच्या डोक्यात काय आहे ते सरकारला मोजता येत नाही आणि मोजूही नये. 25 किलोच्या पेटीत 200 कांड्या आहेत की 198, ते मोजता येतं.

साहेब आले, एक नकाशा कमी निघाला, सोमवारी बोलावलंय.

दुपारी 4.40

पोलीस ठाण्यात महिन्याची माहिती द्यायला गेलो. नवीन हवालदार आले आहेत, सांगली बाजूचे, तरतरीत. म्हणाले, "तुमच्या मॅगझिनला परवा तपासणीला येणार आहे. पण खरं सांगा, तिथं येऊन बघायचं काय असतं?"

मला हा प्रश्न फार आवडला. बरेचजण येतात, कुलूप बघतात, वहीवर सही करतात आणि चहा पिऊन जातात. मी त्यांना खिशातून पेटीच्या लेबलाचा फोटो दाखवला. वर्ग आणि विभाग कशाला बघायचे, बॅच कुठे, तारीख कुठे. सगळ्यात जुनी तारीख आधी वापरली जातेय का बघा. बंद पेट्या कोणीही मोजतं, तुम्ही उघडी पेटी मोजा. आणि वहीतल्या ‘वापरल्या’ रकान्यातला कुठलाही एक दिवस निवडून त्या खाणीवर जा, मुकादमाला विचारा त्या दिवशी किती होल मारले. दोन आकडे बसले नाहीत तर माझ्याकडे परत या.

त्यांनी विचारलं, सुटी कांडी सापडली तर मालक शोधता येतो का?

मी त्यांना एक उदाहरण दिलं. 25 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत कारमायकल रोडला एका गाडीत 20 कांड्या सापडल्या. वेष्टनावर नागपूरकडच्या कारखान्याचं नाव होतं, म्हणजे तपास पहिल्या दिवशीच कारखान्याच्या दारात पोचला. पण तिथून पुढे, कारखान्याकडून कुठल्या वितरकाकडे, कुठल्या मॅगझिनला, कुठल्या खाणीला, ही वाट नुसत्या कांडीवरून सापडत नाही. पेटी लागते, नाहीतर माणसं फोडावी लागतात. हवालदार म्हणाले, "म्हणजे गाडीला कंपनीचं नाव आहे, पण नंबर प्लेट नाही." अगदी तसंच.

आमच्या शेजारच्या रायगड किनाऱ्यावर, शेखाडीला, 1993 च्या सुरुवातीला आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. तो लष्करी जातीचा माल, चोरवाटेने समुद्रातून आलेला. त्याला ना पास, ना वही. तसल्या मालाला आमचे नियम अडवू शकत नाहीत. पण म्हणून घरातला, परवान्याचा माल मोजायचा सोडून द्यायचा का? उलट आपला माल नीट मोजलेला असला तरच सापडलेली वस्तू बाहेरची आहे हे छातीठोकपणे सांगता येतं.

संध्याकाळी 6.10

सूर्य बुडायच्या आत मॅगझिनवर. आंब्याच्या बागांवर ढग होते, लांब गडगडत होतं. वळीव येतोय असं वाटलं तर आम्ही दार उघडत नाही, पण आज तो देवरूखकडे वळला.

तीन कांड्या उघड्या पेटीत परत. 65 आणि 3, 68. टोपी तिच्या खोलीत, नंबर वाचून. बंद पेट्या जुन्या 6, नव्या 20. काकांनी मोजलं, मी मोजलं. सगळं धरून 5268 कांड्या, 658.5 किलो. काकांचा आकडा पहिल्यांदा 67 आला. आम्ही दोघांनी परत मोजलं, एक कांडी कडेला उभी राहिली होती. काका ओशाळले. मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्यामुळे मला झोप लागते.

एक जरी कमी भरली असती तर रात्रीच पोलीस ठाणं आणि पेसो, दोघांना कळवावं लागतं. सकाळपर्यंत शोधू, मग बघू, असं चालत नाही. पहिल्या रात्रीतच वस्तू सर्वात लांब जाते.

रात्री 8.00

घरी संगणक. आजची आवक, आजचा वापर, शिल्लक. खाणीवरच्या वहीतला आकडा, मॅगझिनच्या वहीतला आणि पडद्यावरचा, तिन्ही एक. नेट दोनदा गेलं. तिसऱ्यांदा पावती आली.

1884 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा मसुदा केंद्राने 2024 मध्ये काढला. दंड वाढवायची भाषा त्यात आहे, आणि वाढायलाही हवा, जुन्या रकमांनी आता कोणी घाबरत नाही. पण माझ्यासारख्याला विचारलं तर मी आधी दुसरंच मागेन. कांडीला नंबर द्या. आणि तो नंबर खाणीवर, होलाच्या तोंडाशी, टोपीसारखाच यंत्राने वाचून घ्यायची सोय द्या, म्हणजे ‘वापरल्या’ या रकान्याला साक्षीदार मिळेल. खर्च येईल. तो खडीच्या दरात काही पैशांनी दिसेल, आणि तो मी आनंदाने समजावून सांगेन, मालकाला आणि गिऱ्हाइकाला.

रात्री 9.15

माझा मुलगा बारावीचा अभ्यास करतोय, त्याच्याकडून कोरा कागद घेतला. हवालदारांना परवा देण्यासाठी एक पान तयार करतोय, मराठीत, कारण लेबल सगळं इंग्रजीत असतं आणि ठाण्यात ते वाचून सांगायला वेळेला कोणी नसतं. मध्ये पेटीचं चित्र, बाणाने दाखवलेलं: इथे उत्पादक, इथे बॅच, इथे तारीख, इथे पेटीचा क्रमांक. खाली रिकामी पेटी सापडली तर काय करायचं: फेकू नका, लेबल फाडू नका, तोच एकमेव धागा असतो. त्याखाली सुटी कांडी किंवा टोपी सापडली तर: हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका, लोकांना लांब करा, बाँबशोधक पथकाला कळवा, वेष्टनावरची अक्षरं लांबूनच कॅमेऱ्याने टिपा. मग शेवटी जागा मोकळी ठेवली आहे, पथकाचा, पेसोच्या नवी मुंबई कार्यालयाचा आणि जवळच्या मॅगझिनवाल्याचा फोन लिहायला. तिसऱ्या ओळीत माझा नंबर मी पेनाने ठळक लिहिला. उद्या लांज्याला विहिरीचं काम आहे, जाताना दहा प्रती काढून घेईन, वाटेतल्या ठाण्यांतही देता येतील.